दुसरा बाप्तिस्मा

खामगावच्या स्टेशनात जलंबची गाडी लागली, तेव्हा बाबा उन्हात उभे होते आणि त्यांच्या डोक्यावर छत्री धरली होती वहिनीनं. माझं नुकतंच लग्न झालं होतं. नवऱ्याबरोबर मी पुण्याकडे निघाले होते. तोवर बाबांवर छत्री धरायचं काम माझं असायचं. आसपासच्या खेड्यांतल्या ख्रिस्ती मंडळ्यांना भेटायला ते पायी निघाले की मी बरोबर जायची आणि माझा हात भरून आला तरी छत्री सोडायची नाही. वहिनीला हे कोणी सांगितलं नव्हतं. तिनं आपणहूनच छत्री उघडली होती. मी डब्यात चढले, मागं वळून पाहिलं, तर माझी जागा भरलेली.

आई डोळे पुसत होती, दादा ट्रंक आत ढकलत होता. बाबा खिडकीशी आले आणि म्हणाले, "लीले, तिथं मंडळी सापडली का पहिले प्रभुभोजनाले जाय. त्याच्यावाचून राहू नको." गाडी हलली आणि मी रडायला लागले. माहेर सुटलं म्हणून रडते आहे, असं सगळ्यांना वाटलं. ते काही अगदी खोटं नव्हतं.

तुम्ही जे गावाकडंच राहिलात, आणि तुम्ही जे माझ्यासारखे पोटासाठी किंवा लग्नामुळे निघालात, दोघांनाही हे सांगायचं आहे. राहिलेल्यांना वाटतं, गेलेल्यांना सगळं मिळालं. गेलेल्यांच्या मनात काय असतं ते मात्र कोणी विचारत नाही. माझ्या मनात बराच काळ वहिनी होती.

बाबा खामगावच्या लूथरन पंथाच्या मंडळीचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, होते. देवळाच्या मागे आमचं घर. जिनिंग सुरू झाली की कापसाची म्हूस, बारीक तंतू, उडत अंगणात यायची, म्हणून आई प्रभुभोजनाच्या भाकरीची कणीक ओल्या फडक्याखाली ठेवायची. ती भाकर बिनखमिराची, गव्हाची, पातळ. शनिवारी ती भाजायची आणि द्राक्षारसाच्या जागी मनुका भिजवून त्यांचा रस काढायचा, हे आईचं आणि माझं काम. त्या वेळी चुलीपाशी दुसरं कोणी यायचं नाही. रविवारी बाबा तीच भाकर मोडून लोकांच्या तळहातावर ठेवायचे तेव्हा मला वाटायचं, या सगळ्या गावात बाबांच्या इतक्या जवळ मीच आहे.

वहिनी अमडापूरची. नाव वत्सला, घरी वच्छी म्हणत. तिचे वडील वांगी-मेथी पिकवून बाजारात विकायचे. दादा तिथल्या शाळेत मास्तर होता, तिथं दोघांचं जमलं. ती ख्रिस्ती नव्हती; तिनं धर्माची प्रश्नोत्तरी पाठ केली, आणि बाबांनी तिला भर मंडळीत बाप्तिस्मा दिला. तिच्या घरून त्या दिवशी कोणी आलं नाही आणि नंतरही नाही. बाप्तिस्मा झाल्यावर बाबांचे हात थरथरत होते. माझा बाप्तिस्मा मी तान्ही असताना झाला, त्यामुळे माझ्या वेळी त्यांचे हात थरथरले होते की नाही ते मला कसं कळणार? ही गोष्ट मी कुणाला बोलून दाखवली नाही, पण ती मनात रुतली.

पुण्याजवळ पिंपरीला औषधांच्या कारखान्यात यांची नोकरी. नवं राज्य झालं होतं, नव्या कॉलन्या उठत होत्या. आम्हाला क्वार्टर मिळालं. नळ घरात, रॉकेलचा स्टोव्ह, सकाळी शिफ्टचा भोंगा. शेजारणी भल्या होत्या, पण मी "मले" म्हटलं की एकमेकींकडे बघायच्या. एकदा "का?"ऐवजी "काऊन?" असं विचारलं तर एकीनं ते घरात जाऊन सासूला करून दाखवलं, मी दारात असतानाच. मी महिनाभरात "मला, तुला" शिकले. जीभ लवकर वळली. मन वळायला वेळ लागला.

यांच्या घरचे जात ती मंडळी वेगळ्या पंथाची. तिथं लहान मुलांचा बाप्तिस्मा मानत नाहीत. माणसानं मोठं होऊन, समजून-उमजून, पाण्याखाली जाऊन बाप्तिस्मा घ्यायचा. सासूबाई प्रेमानंच म्हणाल्या, "तुझ्यावर लहानपणी नुसतं पाणी शिंपडलं, त्याला बाप्तिस्मा म्हणत नाहीत गं." तसा बाप्तिस्मा घेईपर्यंत मला सभासद करून घेत नव्हते आणि प्रभुभोजनही देत नव्हते. दर वेळी ताट माझ्यापुढून शेजारणीकडे जायचं. बाबांनी तर सांगितलं होतं, त्याच्यावाचून राहू नको. वर्षभर मी राहिले. मग पोटात मूल होतं, एकटेपणा आला होता, आणि एका रविवारी मी पांढरं लुगडं नेसून बाप्तिस्म्याच्या टाक्यात उतरले. पाळकांनी मला पाठीवर आडवी करून पाण्याखाली नेलं. वर आले तेव्हा सगळे गात होते. मला बरं वाटलं. हे मी लपवणार नाही, खरोखर बरं वाटलं.

बाळंतपणाला खामगावला गेले तेव्हा बाबांना तोंडानं सांगितलं. ते अंगणात वाचत बसले होते. त्यांनी पुस्तक मिटलं. मग म्हणाले, "तुले बाप्तिस्मा मीच देल्ला होता, लीले. तो काय खोटा होता?"

मी म्हटलं, "खोटा नाही म्हणत मी, बाबा."

"पण पुन्हा घेतला ना. पुन्हा घेतला म्हणजे पहिला नव्हता, असंच झालं."

आतून कणीक तिंबल्याचा आवाज येत होता. आईचे गुडघे तोवर कामातून गेले होते, आणि शनिवार होता. मी आत गेले तर चुलीपाशी वहिनी बसलेली. ती थोडी सरकली, मला जागा केली. मी बसले नाही.

त्यानंतर दोनेक वर्षांनी आमच्या मंडळ्यांची वार्षिक परिषद खामगावात भरली. कापूस वेचून झाला होता. देवळाच्या आवारात मांडव पडला, लोणारपासून बुलढाण्यापर्यंतचे पाळक आणि प्रतिनिधी सतरंज्या-वळकट्या घेऊन आले. बाबा त्या वर्षी अध्यक्ष होते. मी लेकीला घेऊन मुद्दाम गेले, कारण कोणता प्रश्न यायचा आहे ते दादानं कळवलं होतं. बाया एका बाजूला बसायच्या. ऐकायची मुभा होती, हात वर करायची नव्हती.

पहिला दिवस द्राक्षारसावर गेला. दारूबंदी आलेली, आणि बाहेरून आलेल्या एका पाळकांचं म्हणणं, की मनुकांचा रस म्हणजे द्राक्षारस नव्हे, सरकारी परवाना काढून खरा रस आणावा. आमची म्हातारी माणसं म्हणाली, आमचे आईबाप मनुकांवरच गेले, ते काय प्रभूकडे पोचले नसतील? लोक हसले आणि मनुका राहिल्या.

दुसऱ्या दिवशी माझा प्रश्न आला. माझं नाव कोणी घेतलं नाही. पोरं मुंबईला, पुण्याला, भुसावळला जाताहेत, तिथं दुसऱ्या मंडळ्यांत पुन्हा बाप्तिस्मा घेताहेत. ती सुटीत घरी आली तर त्यांना प्रभुभोजन द्यायचं की नाही?

लोणारकडचे एक तरुण पाळक उठले. ते म्हणाले, "मेज प्रभूचं आहे. आपण फक्त वाढणारे. लेकरू भुकेजून घरी आलं, तर दुसरीकडे काऊन जेवला म्हणून कोणी ताट ओढून घेते काय?"

बुलढाण्याचे एक वयस्क पाळक म्हणाले, "ताटाचा प्रश्न नाही. बाप्तिस्मा देवाचं काम आहे, माणसाच्या समजुतीचं नाही. देवानं केलेलं काम ज्यांनी रद्द समजलं, ते कशाच्या आधारावर मेजाला येणार?" मग अगदी हळू आवाजात ते म्हणाले, "अध्यक्षमहाराज, हा तुमच्या घरचाही प्रश्न आहे. पण तुमचं मत आम्हाला पाहिजे."

सगळा मांडव बाबांकडे पाहू लागला. मी लेकीला पदराखाली घेतलं. मला वाटलं, आता बाबा माझ्यासाठी बोलतील. ते खुर्चीवरून उठून बाजूला उभे राहिले आणि प्रवचनातल्या शुद्ध मराठीत म्हणाले, "बाप्तिस्मा एकदाच असतो. ज्यांनी तो दुसऱ्यांदा घेतला, त्यांनी मंडळीपुढं पहिला पुरेसा होता असं कबूल करावं, मग मेजाला यावं. माझ्या घरच्यांनाही हाच नियम." ठराव मतास टाकला तेव्हा त्यांचाही हात वर गेला. हात वर करताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

मला कबूल करता आलं नसतं असं नाही. पण मग पिंपरीला जाऊन काय सांगायचं? तिकडच्यांपुढं पहिला खोटा, इकडच्यांपुढं दुसरा खोटा. मी कबुली दिली नाही.

रविवारी समारोपाची उपासना झाली. माझ्या ओळखीच्या सगळ्या बाया एकेका रांगेनं मेजाकडे गेल्या. मी मागं, खांबापाशी बसले होते, आणि माझ्या शेजारी वहिनी. आमची रांग उठली. आई काठी टेकत गेली. वहिनी बसून राहिली.

मी म्हटलं, "जा ना वहिनी."

ती म्हणाली, "नाही होत मह्याच्यानं, ताई."

बाबा ताट हातात घेऊन उभे होते. भाकर वहिनीनंच भाजलेली होती. त्यांनी एकदा आमच्या दिशेनं पाहिलं, थांबले, सगळ्या मांडवाला ते कळलं, आणि मग पुढची रांग आली.

दुपारी स्वयंपाकघरात मी तिच्यावर चिडले. "तू काऊन बसली? तुले कोणी अडवलं होतं?" माझ्या तोंडून आपोआप वऱ्हाडी निघाली.

ती भांडी घासत होती. मान वर न करता म्हणाली, "लहान बहिणीच्या लग्नात मी अमडापूरले गेलती. कोणाले न सांगता. मायनं पाह्यलं. मले पंगतीतून उठवलं अन् बाहेर ओट्यावर पत्रावळ देल्ली. मी जेवली, ताई. भूक लागली होती. पण तवापासून कोणी पंगतीबाहेर बसलं असलं, का मह्याच्यानं आत बसवत नाही."

खरं तर मी तिच्या गळ्यात पडायला हवं होतं. पण माझ्या मनात आलं, की याही वेळी मोठी तीच झाली. मी नियमामुळे बसले, ती मनानं बसली. लोक घरी जाऊन तिच्याबद्दल बोलणार.

संध्याकाळी आणखी एक गोष्ट झाली, आणि ती मला सगळ्यात जास्त लागली. बाबांनी वहिनीला ओसरीवर बोलावलं. मला वाटलं, रागावतील. रागावलेच. "तू मंडळीपुढं ठराव मोडला," असं म्हणाले. ती म्हणाली, "मोडला नाही, बाबा. फक्त आली नाही." मग दोघं बोलत राहिले. बाबा तिला समजावून सांगत होते, ती प्रश्न विचारत होती. बाप्तिस्मा देवाचं काम असलं तर माणसानं दुसऱ्यांदा घेतल्यानं ते मोडते कसं? मोडत नसलं तर मग ताई बाहेर कशी? बाबा थांबायचे, विचार करायचे, उत्तर द्यायचे, ते बदलायचे. दाराआड उभी राहून मी ते सगळं ऐकलं. माझ्याशी ते असे कधी भांडले नव्हते. मला त्यांनी एक प्रश्न विचारला होता आणि पुस्तक मिटलं होतं.

पुढल्या वर्षीच्या परिषदेत बाबांनी स्वतःच तो ठराव बदलायला मांडला. बाहेरगावी पुन्हा बाप्तिस्मा घेऊन घरी आलेल्या लेकरांशी पाळकानं आधी एकांतात बोलावं, आणि त्यांची इच्छा असल्यास मेजाला बसवावं. पुष्कळ वाद झाला म्हणे, पण मंजूर झालं. सगळे म्हणाले, पाळकसाहेबांचं लेकीवरचं प्रेम शेवटी जिंकलं. ते कोणामुळे झालं, हे मला माहीत होतं.

नाताळात गेले तेव्हा बाबांनी मला देवळात एकटीला बसवलं. विचारलं फक्त इतकंच, "मेजाले यायचं आहे का तुझ्या मनात?" मी हो म्हटलं. सकाळी त्यांनी माझ्या तळहातावर भाकर ठेवली तेव्हा त्यांचे हात थरथरत होते. ते वयानं की कशानं, मला ठरवता आलं नाही.

बाबा गेले तेव्हा मी पोचेपर्यंत माती झाली होती. लोक भेटायला येत, ते आधी वहिनीजवळ बसत आणि मग कोणीतरी सांगे, "ही लेक, पुण्याची." आई त्याआधीच गेलेली. दादा मितभाषी. निघायच्या दिवशी मी मनाशी म्हटलं, आता इथं यायला कारण उरलं नाही.

वहिनी मोटारस्टँडपर्यंत आली. लेकीसाठी बांधलेले मुरमुऱ्याचे लाडू माझ्या हातात देत म्हणाली, "नाताळाले येजा."

मी म्हटलं, "पाहू. आता कोणासाठी यायचं?"

ती म्हणाली, "मले तुमचा लई हेवा वाटे, ताई. आताही वाटते. तुम्ही रागानं जा, दुसऱ्या मंडळीत जा, कुठंबी जा, पण दार उघडंच. मले अमडापूर दीड-दोन घंट्यावर हाय. बस रोज जाते. मी कोणाच्या दारात उतरू?"

बस आली, मी चढले.

मी दर नाताळाला जाते. आता तिथं पाळक दुसरे आहेत, घरही दुसरं, रेल्वे फाटकापलीकडचं. मी रिक्षातून उतरते तेव्हा वहिनी दारात असते, माझी पिशवी हातातून ओढून घेते आणि म्हणते, "किती वाळल्या तुम्ही." गावातली माणसं तिला विचारून गोष्टी ठरवतात, माझ्या बाबांच्या आठवणी मलाच सांगतात आणि त्यातल्या अर्ध्यांत ती असते, मी नसते. तेव्हा अजूनही पोटात जळतं. वय झालं तरी ते गेलं नाही, आणि आता जाईल असंही वाटत नाही. ते घेऊनच मी तिच्या चुलीपाशी जाते. ती सरकते, आणि मी बसते.