चिठ्ठी तिनं काढली

आमच्याकडे चिठ्ठी काढायची वेळ आली की आधी लहान मूल शोधतात. गणपती मंडळाची सोडत असो की हळदीकुंकवातली पैठणी, मोठ्या माणसानं चिठ्ठी काढली तर लोकांना पटत नाही. मुलाच्या मनात काही नसतं, त्याचा हात साफ असतो, असा समज. मी यवतमाळला भावी शिक्षकांना शिकवते आणि संशोधन कसं करावं हा माझा विषय आहे, तरी ही सवय मलाही आहे. त्याच सवयीनं गेल्या जुलैत राळेगाव तालुक्यातल्या एका तांड्यावरच्या शाळेत मी तिसरीतल्या एका मुलीला पुढे बोलावलं.

अभ्यास लहानसाच होता. मुलांनी आधी चित्र बघून घरच्या बोलीत बोलायचं, मग त्यांचंच वाक्य मराठीत फळ्यावर लिहायचं आणि तेच वाचायला घ्यायचं. या पद्धतीवर अलीकडे बरंच लिहिलं जातं. तांड्यावर, जिथे मुलं घरी गोरबोली, म्हणजे बंजारा बोली, बोलतात, आणि कळंबच्या एका शाळेत, जिथे बहुतेक मुलं नोकरदारांची, ती पद्धत कशी लागू पडते ते मला बघायचं होतं. चित्रकार्डांचा संच एक आणि शिकवणारी मी एकटी. म्हणून एका शाळेला पहिलं सत्र, दुसरीला दिवाळीनंतरचं. कोणाला आधी, हे मी ठरवलं तर पक्षपात होईल. मी वर्गात नेहमी सांगते तसं, नशिबावर सोडायचं. कळंबच्या बाई फोनवर म्हणाल्या, "तुम्हीच काढा, आम्हाला काही नाही."

त्याआधी मी दोन्हीकडे मुलांची चाचणी घेतली होती. या मुलीला अक्षरं येत होती, शब्द जुळत नव्हते. पण ट्रॅक्टरचं कार्ड दिसताच ती गोरबोलीत जे बोलायला लागली ते थांबेचना. मला एक अक्षर कळलं नाही. गुरुजी हसत म्हणाले, "ट्रॅक्टर फसला, सगळ्या तांड्यानं ढकलला, याडीची चप्पल चिखलात गेली, ते सांगून राह्यली." याडी म्हणजे आई. मुलीनं मला विचारलं, "हे लिवता येते?"

"येतं ना."

"मी बोलली ते? अस्संच?"

"अगदी तसंच."

तेव्हापासून ती माझ्या कार्डांच्या पिशवीकडे बघत राहिली होती. चिठ्ठीच्या दिवशी मी डब्याच्या झाकणात दोन घडी केलेल्या चिठ्ठ्या टाकल्या. तिनं हात फ्रॉकला पुसला, डोळे मिटले आणि एक उचलली. मी उघडून वाचली. कळंब आधी.

"तुमचा नंबर दिवाळीनंतर," मी म्हटलं आणि कार्डं पिशवीत घालून चेन लावली. नंबर येईपर्यंत या वर्गानं कार्डं पुन्हा बघायची नाहीत, असा माझाच नियम होता.

"दिवाळीनंतर कव्हा?" तिनं विचारलं.

"शाळा उघडली की लगेच."

तिनं गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी डस्टर उचलून स्वच्छ फळा पुन्हा पुसला. "चालते, मॅडम," ते म्हणाले. मागून कुणीतरी ओरडलं, "हिच्याच हातानं नंबर गेला!" वर्ग हसला. मीही हसले.

कळंबचं सत्र छान गेलं. मुलं आधीच वाचत होती, ती आणखी चांगली वाचू लागली. पालकांनी मला चहाला बोलावलं. दिवाळी झाली आणि मी स्कूटीवर पिशवी अडकवून तांड्यावर गेले. निम्म्याहून जास्त घरांना कुलपं होती. वर्गात आजी-आजोबांजवळ राहिलेली थोडी मुलं होती. ती मुलगी नव्हती. आईबापांबरोबर ऊसतोडीला गेली होती, पार पश्चिमेकडे.

मला माहीत नव्हतं असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. माझी पहिली नोकरी अशाच एका तांड्यावर होती. दिवाळीनंतरची हजेरी मी तिथे कितीतरी वर्षं घेतली आहे. नाव पुकारायचं, उत्तर आलं नाही की पुढचं पुकारायचं. तरी वेळापत्रक करताना माझ्यासमोर कळंबच्या शाळेची छापील दिनदर्शिका होती. घटक चाचणी, स्नेहसंमेलन, सहल, सगळं सांभाळून मी तारखा टाकल्या. तांडा कधी उठतो ते कुठे छापलेलं नसतं. म्हणून ते माझ्या कागदावर आलं नाही.

गुरुजींना मी जरा चिडूनच विचारलं, "तुम्ही तेव्हाच काहून नाही सांगितलं?"

"तुम्ही चिठ्ठ्या टाकून राह्यल्या होत्या. मधात कसं बोलू? आन् तुमाले मालूम नसन असं वाटलंच नाही. तुम्ही तं इथल्याच."

"वसतिगृह?"

"हंगामी वसतिगृह यंदा भेटलंच नाही, मॅडम. पोरं कोणाजवळ ठेवतीन?"

त्यांना आणखी काय विचारणार? राहिलेल्या मुलांना मी शिकवलं. कॉलेजात एका सहकाऱ्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "अहो, होतं असं. अहवालात मर्यादांमध्ये टाका." मी टाकलं. 'स्थलांतरामुळे काही विद्यार्थी दुसऱ्या टप्प्यात उपलब्ध झाले नाहीत.' वाक्य बिनचूक आहे. वाचणाऱ्याला वाटेल, मुलं आपणहून उपलब्ध झाली नाहीत.

उन्हं तापल्यावर गुरुजींचा फोन आला. "आले मॅडम सारे." अहवाल केव्हाच देऊन झाला होता. मी तरी गेले. मुलगी उंच झाली होती. हातांवर उसाच्या पाचटाचे बारीक ओरखडे होते. मी वाचायला दिलं. आधी येत होती त्यातली काही अक्षरंही आता अडत होती.

मी कार्डं टेबलावर उलटी मांडली. "चल, एक काढ. तुझ्या मनानं."

तिनं दोन्ही हात पाठीमागे घेतले. "मी नाही काढत. दुसऱ्याले सांग." तांड्यावरची मुलं मोठ्यांनाही अरे-तुरेच करतात. त्यात उद्धटपणा नसतो.

"काहून?"

तिच्या शेजारची बोलली. "हिचा हात खराब हाय. कोपीवर आमी हिले चिठ्ठी काढूच देत नोतो. खेळात बी नाही."

ऊसतोडीच्या कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या मजुरांच्या झोपड्यांवर, सगळा हंगाम हे चाललं होतं. जुलैत मी हसले होते तो विनोद त्यांनी तिकडेही नेला होता. मी तिला जवळ ओढलं नाही. तिला ते आवडलं नसतं. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "हिच्या हाताचं काही नाही. दोन चिठ्ठ्या टाकायच्याच नव्हत्या. तुम्ही दिवाळीनंतर इथे नसता, हे मला ठाऊक होतं. तुमचा नंबर आधी, असं सरळ ठरवायला पाहिजे होतं. चूक माझी."

तिनं विचार केला. "मंग मले कायले काढाले लावली?"

यावर माझ्याजवळ पुस्तकी उत्तर आहे. मी ते दरवर्षी फळ्यावर लिहिते. ते तिला सांगायची हिंमत झाली नाही.

"मला कुणी बोल लावू नये म्हणून," मी म्हटलं.

"आन् मले लावला."

"हो."

गुरुजी खिडकीबाहेर बघत होते. तिनं मला माफ केलं असं काही झालं नाही. टेबलावरच्या उलट्या कार्डांकडे बघून ती एवढंच म्हणाली, "उलटे काहून ठेवले? सीधे ठेव ना. दिसले पायजे."

मी सगळी कार्डं सुलटी केली. तिनं हात पुढे केला, थांबली, शेजारणीकडे एकदा रागानं पाहिलं आणि ट्रॅक्टर उचलला. मग ती बोलायला लागली, गुरुजी मराठीत सांगत गेले आणि मी फळ्यावर लिहीत गेले. याडीची चप्पल चिखलात गेली, इथे मी थांबले. तिनं बोट ठेवून ते वाचायला घेतलं. 'चप्पल'वर अडली. मी सांगितलं नाही. बराच वेळ गेला. शेवटी जमलं.

सुट्ट्या लागायला थोडेच दिवस राहिले होते. सुट्टीतही शिकवायला म्हणून मी गुरुजींकडे शाळेची किल्ली मागितली. ते म्हणाले, "उन्हात याल, मॅडम?" मी म्हटलं, सकाळी लवकर येईन. अजून जाते आहे. दिवाळी यंदा कधी आहे ते मात्र सगळ्यात आधी बघून ठेवलं आहे.