जाकिटाचं माप

खामगावातल्या माझ्या दुकानात माप घेताना वही कधी उघडी नसायची. लांबी, छाती, कंबर, खांदा, बाही, गळा, सगळं एका दमात घ्यायचं, डोक्यात ठेवायचं आणि गिऱ्हाईक चपला घालेपर्यंत वहीत उतरवायचं. माझ्या वडिलांची हीच रीत. मध्येच पेन्सिल धरली म्हणून मी मुलाच्या हातावर पट्टी मारलेली आहे.

आता मला अडुसष्टावं चालू आहे. कुणी काही विचारलं की उत्तर सुचेपर्यंत माणसं पुढच्या विषयावर गेलेली असतात. छातीचा आकडा धरला की कमरेचा सुटतो. मुलगा म्हणाला, "बाबा, तुमी एकेक आकडा सांगा, मी लिहून घेतो." मी त्याला कारागिरांसमोर झापलं.

यंदा अमडापूरचा माझा मित्र नातीच्या लग्नासाठी जाकीट शिवायला आला. चाळीस वर्षांपासूनचं गिऱ्हाईक, नुकताच मोठ्या दुखण्यातून उठलेला. माप घेताना त्याने माझ्या गुडघ्याचं विचारलं, मी सांगितलं, आणि पेन्सिल हातात घेतली तर डोकं रिकामं. त्याला परत उभं करायला दोन मिनिटं लागली असती. पण मुलगा बघत होता. मी ठसक्यात सहा आकडे लिहून टाकले.

ते कुठून आले हे जाकीट त्याच्या अंगावर चढल्यावर कळलं. दुखण्याआधीचं, वीस वर्षांपूर्वीचं त्याचं माप होतं, जसंच्या तसं. ते मेलं अजून पाठ आहे.

जाकीट खांद्यांवरून लोंबत होतं. तो आरशात बघत राहिला.

"मास्तर, पंधरा दिवसात मी इतका वाळलो काय?"

चूक माझी आहे, एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, "दुखण्यानंतर होते असं. खात जाय."

मुलाने उसवून जाकीट बसवून दिलं.

आठवड्याने मित्राच्या बायकोचा फोन आला. दुखणं उलटलं या भीतीने तो बुलढाण्याला तपासायला गेला होता, धड जेवतही नव्हता.

"मास्तर," तिने विचारलं, "तुमचं माप तं बरोबर होतं ना?"

या एका प्रश्नाला मला जरासुद्धा वेळ लागला नाही.

"हाव," मी म्हणालो.