डबीतला कापूस

माझा पहिला नवरा मला एचआयव्ही देऊन मेला, आणि सासरच्यांनी वर मलाच पांढऱ्या पायाची ठरवलं. मी मंठ्याला शिलाई मशीन टाकली आणि गोळ्यांसाठी दर महिन्याला जालन्याची बस धरली. तिथल्या दवाखान्याच्या बाकावर हे भेटले. आष्टीचे, विधुर, दुखणं माझंच. बसमध्ये डबी खुळखुळते आणि बायका पिशवीकडं बघतात, असं मी चिडून सांगितलं, तर यांनी आपली डबी उघडून दाखवली. आत कापूस कोंबलेला. "आता हलवा बरं," म्हणाले. डबी गप्प.

लग्नाचं निघालं तेव्हा मी तोंडावर सांगितलं, निरोध वापरणार असाल तरच. दवाखान्यातल्या ताईंनी बजावलं होतं, दोघांना असला तरी एकाचा दुसऱ्याला नव्यानं लागू शकतो. हे हसले.

"आता काय राह्यलं आपल्यात वाचवायचं?"

"मी राह्यले की!"

पुढं हेच मेथीच्या जुडीखाली पाकिटं लपवून आणायचे आणि "घ्या, भाजी आणली," म्हणायचे. हसून हसून पुरेवाट व्हायची. पहिल्यानं कधी विचारून हात लावला नव्हता. हे विचारायचे. मला माझ्याच अंगाची वाटणारी किळस गेली. काय सुख होतं ते, काय सांगू!

मग आष्टीला पुतणीचं लग्न निघालं. माझी शिलाई तुंबलेली, म्हणून हे एकटेच गेले, आणि लग्नानंतर भावाच्या कापसाची वेचणी उरकून दोन-तीन महिन्यांनीच आले. मी फोनवर रोज विचारायची, गोळी घेतली का?

"घेतली की, बिलकुल बराबर."

आले ते खोकतच. घर झाडताना तुरीच्या पोत्यामागं यांच्या डब्या सापडल्या. भरलेल्या.

"पाहुण्यांनी भरलेलं लग्नघर," हे म्हणाले, "पोरं पिशव्या उचकत्यात. कळलं असतं तर पोरीचं लग्न मोडलं असतं. अन् मला तर बरंच वाटत व्हतं."

मी भांडले, रडले, तोंडाला येईल ते बोलले. गोळ्या पुन्हा सुरू केल्या, पण तोवर टीबीनं छातीत घर केलं होतं. जालन्याच्या दवाखान्यात माझा हात धरूनच गेले.

माती आष्टीला झाली. लोकांनी विचारलं, कशानं गेला? टीबीनं, मी म्हणाले. सगळे पांगल्यावर मोठी जाऊ माझ्याजवळ येऊन बसली.

"मला कवाचंच म्हाईत व्हतं गं. मागं भावजी आल्ते तवा डबी पाह्यली मी. माझा भाऊ बी त्याच गोळ्या खातो, असाच कापूस घालून."

"मंग तुमी बोलला का न्हाई?" मी ओरडलेच.

"त्यांनी झाकलं, मंग मी कसं उघडं करू? लग्नात रोज सांजच्याला त्यांच्या उशाला पाण्याचा तांब्या ठेवत व्हते. गोळीपुरता." तिनं डोळ्यांना पदर लावला. "सकाळी तांब्या भरलेलाच असायचा. मला वाटलं, बाहेर हौदावर घेत असतील."