कोंबड्यांचं नवरात्र

आमच्या घरात एकूण आठ जीव राहतात आणि त्यांपैकी चार अंडी देतात. उरलेल्या चारांत माझी आई, बायको सुरेखा, कॉलेजात जाणारी मुलगी तन्वी आणि मी. आमचं घर करावे गावातलं, मूळचंच. मी तळोज्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. एक नट कमी भरला तरी मला जेवण जात नाही, अशी माझी ख्याती आहे. ख्याती होती, असं म्हणायला हवं. त्याचीच ही गोष्ट.

मागच्या अंगणात जाळीचं खुराडं, त्यात तांबडी, काळी, कबरी आणि भुरी. (नावं मी ठेवली. तन्वीने सुचवलेली सगळी मालिकांमधल्या नायिकांची होती. गल्लीच्या देखत ती मोठ्यानं हाका मारायला मला जमलं नसतं.) गेल्या वर्षी पितृपंधरवड्यात एका सकाळी खुराड्यात पिसांचा ढीग दिसला. मला वाटलं, बोका शिरला. मी कडी तपासली, जाळी तपासली, भोकं मोजून पाहिली. मग कोंबड्या मोजल्या. चार. दुसऱ्या दिवशी पिसं दुप्पट, आणि कोंबड्या तरी चारच.

आठवडाभरात त्यांची दशा बघवेना. भुरीची मान उघडी पडली. कबरीची शेपटी गेली आणि ती मागून अर्धवट सोललेल्या नारळासारखी दिसू लागली. तांबडी, जी आजवर गल्लीतल्या कुत्र्यांनाही दटावायची, ती कोपऱ्यात तोंड खुपसून बसली. अंडी बंद. शेजारच्या लताकाकी भिंतीवरून डोकावून म्हणाल्या, "भाऊ, तुमी कापायच्या आदीच सोलता काय?"

आईला मात्र यात काही नवल वाटलं नाही. पिसं गाळणं म्हणजे काय, ते तिनं लहानपणापासून पाहिलेलं. तिच्या सासूचा नियम सरळ होता. कोंबडीनं पिसं गाळली की तिचं वय झालं, आणि वय झालं की रस्सा. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी माझी बहीण नंदा, भावोजी आणि त्यांची मंडळी तिखटाच्या जेवणाला येणारच होती. आईचा बेत तयार होता.

मी म्हणालो, नवी पिसं येतील, पुन्हा अंडीही देतील, थोडे दिवस द्या त्यांना. सुरेखा म्हणाली, तुम्ही कोंबड्यांची रजा मंजूर करताय का? पण तांबडी रोज सकाळी माझ्या पायाशी येऊन एकदा ओरडल्याशिवाय मला कामावर जाऊ देत नाही, हे आईलाही ठाऊक होतं. ती थोडी विरघळली.

"दसऱ्याला मी सोता हात लावून बगीन," ती म्हणाली. "नवी पिसं लागली हाताला, तर ऱ्हाऊ दे तुझ्या बाया. नाय लागली, तर नंदाच्या ताटात."

मी जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, आजार वगैरे काही नाही, कोंबड्या दरवर्षी जुना कोट टाकून नवा शिवतात. पिसं म्हणजे सगळी प्रथिनं. तेव्हा प्रथिनं वाढवा, उगाच हाताळू नका, दुखतं त्यांना. जवळा द्या, ती बारीक सुकवलेली कोळंबी. खारवलेला मात्र नको. मी म्हटलं, डॉक्टर, उद्या घट बसतायत, आमच्याकडे नऊ दिवस मासळी उंबऱ्याच्या आत येत नाही. त्यांनी विचारलं, "घट तुमच्याकडे बसतायत की कोंबड्यांकडे?"

तरीही मी आधी सरळ मार्गानं गेलो. सोयाबीनच्या वड्या भिजवून बारीक केल्या. कोंबड्यांनी त्या पायानं मागे उडवल्या. मोड आलेले मूग दिले. काळीनं एक मूग उचलला, माझ्याकडे पाहिलं आणि परत ठेवला. इतक्यात सुरेखानं उरलेली साबुदाण्याची खिचडी टाकली आणि चौघी तुटून पडल्या. आई खूश. मी सुरेखाला समजावलं की साबुदाण्यात प्रथिनं नसल्यातच जमा आहेत, यानं पिसं यायची नाहीत. ती म्हणाली, मग मी सुद्धा नऊ दिवस तेच खातेय, माझी कधी एवढी चिंता केलीत?



शेवटी मी जवळा आणायचं ठरवलं. करावे गावात घ्यायचा प्रश्नच नव्हता. इथे मी कोथिंबीर घेतली तरी आईला जुडीचा आकार कळतो. म्हणून कामावरून सुटल्यावर स्कूटर वाकडी करून थेट पनवेलचा बाजार गाठला. (अनवाणी. नवरात्रात मी चपला घालत नाही. कारखान्यात बूट सक्तीचे आहेत, ते गेटवर चढवायचे आणि गेटवरच उतरवायचे.) अनवाणी पायांनी जवळा मागणारा मी त्या बाजारातला पहिलाच गिऱ्हाईक असावा. विकणाऱ्या बाईंनी माझे पाय पाहिले, मग तोंड पाहिलं आणि विचारलं, "तुमी करावेचं ना? आमच्या लतीच्या शेजारचं?"

त्या लताकाकींच्या चुलतबहीण निघाल्या. खाडीकाठच्या गावांत एकमेकांचे कुणीच नसलेली दोन माणसं सापडणं कठीण, हे मला बाजार निवडताना सुचायला हवं होतं.

जवळा तीन पिशव्यांत गुंडाळून मी जेवणाच्या डब्यात भरला. सकाळी आई देवासमोर बसली की पाण्याच्या टाकीमागे जाऊन एकेक मूठ कोंबड्यांना टाकायचो. काय सांगू! ज्या आठवडाभर मान वर करत नव्हत्या, त्या धावत येऊ लागल्या. तांबडी तर उडी मारून हातातूनच घ्यायची. मी खोकत राहायचो, म्हणजे त्यांचा कलकलाट झाकला जाईल. आईनं मला खोकल्यासाठी आल्याचा काढा सुरू केला.

तीन पिशव्यांना कोंबड्या फसल्या नाहीत, तशी मांजरंही फसली नाहीत. आधी एक बोका माझ्या स्कूटरवर बसायला लागला. मग आणखी दोन मांजरं. मी गल्लीतून निघालो की मागे मिरवणूक. भावोजींनाही म्हणे कुणीतरी हे सांगितलं. लताकाकी मला बघून आता नुसत्या हसत. ते हसू मला आवडत नव्हतं.

सातव्या माळेला संध्याकाळी आरतीला गल्लीतल्या बायका घरी जमल्या होत्या. मी कामावरून येऊन बॅग कोपऱ्यात ठेवली आणि झांज घेऊन उभा राहिलो. आरती रंगात आली आणि तो बोका दारातून आत शिरला. त्यानं गर्दीकडे पाहिलंही नाही. सरळ माझ्या बॅगेवर चढला, पंजानं चेन ओढली आणि डबा बाहेर काढून जमिनीवर पाडला. झाकण उघडलं. नवरात्रात, घटासमोर, मूठभर जवळा.

झांजा थांबल्या. आईनं कापूर विझू दिला नाही, आरती पुरी केली. मग वळली.

"हा कुनाचा?"

खरं सांगायचं तर तोंडावर आलंच होतं, कोंबड्यांचा. पण ते सांगितलं असतं, तर देवीच्या नऊ दिवसांत ज्यांच्यासाठी म्हावरा घरात आला, त्यांना आईनं दसऱ्याचीही वाट बघू दिली नसती. मागच्या दारातून तांबडी आत बघत होती. अंग अजून उघडंच. तिला आपलं काय ठरतंय ते काहीच कळत नव्हतं.

"माझा," मी म्हणालो.

"तू खाल्लास?"

"खाल्ला."

"कवा रांधलास?"

याचा विचार मी केलेला नव्हता. "नाही रांधला. तसाच."

"कच्चा?"

"कच्चा."

बायकांतून एक लांब सुस्कारा निघाला. लताकाकी शेजारणीला हळूच म्हणाल्या, तरी मला बहिणीनं सांगितलेलं, पण माणूस एवढा सरळ, माझा इस्वास नाय बसला. तन्वी पदार्थविज्ञानाचा पेपर कोरा दिल्यासारखी माझ्याकडे बघत होती. सुरेखाच्या लक्षात सगळं आलं होतं. ती ओठ दाबून देवीकडे बघत राहिली. तिचे खांदे मात्र हलत होते.

आईनं मला देवीसमोर नाक घासायला लावलं. मग डब्याकडे बोट केलं. "उचल. मागल्या दारी नेऊन टाक, समोर दिसाया नको."

मी आज्ञाधारक मुलगा आहे. उचलला आणि मागल्या दारी नेऊन टाकला. कोंबड्यांनी दाणाही शिल्लक ठेवला नाही.

दसऱ्याला सोनं वाटून झाल्यावर आई खुराड्याकडे गेली. मी मागोमाग. आईनं तांबडीला अलगद मांडीवर घेतलं आणि पाठीवरून बोटं फिरवली. पिसांच्या जागी निळसर, कोवळ्या काड्या उगवल्या होत्या, जणू कुणी बारीक सुया टोचून ठेवल्यात. तांबडी कुरकुरली. आईनं हात काढून घेतला. मग भुरीची मान पाहिली, कबरीचं मागचं टोक पाहिलं. तिचा चेहरा सैल पडत गेला.

दुसऱ्या दिवशी रस्सा झाला, पण बाजारातल्या कोंबडीचा. पंगतीत आईनं नंदाला आणि भावोजींना सगळं सांगितलं. मुक्या जिवांनी नऊ दिवस साबुदाणा खाल्ला, मुगाला सुद्धा तोंड लावलं नाही, आणि देवीनं त्यांना पिसं दिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आनि ह्यो शिकलेला."

भावोजींनी मला आग्रहानं आणखी रस्सा वाढला. म्हणाले, घ्या, आज शिजवलेलं आहे.

दिवाळी सरता सरता चौघींच्या अंगावर नवीकोरी, तुकतुकीत पिसं आली आणि पहिलं अंडं काळीनं दिलं. यंदाही भाद्रपदात पिसं गळायला लागली आहेत. आई यंदा रश्श्याचं नावही काढत नाही. तिनं कोंबड्यांसाठी आधीच जादा साबुदाणा आणून ठेवलाय. काल तिनं मला अंगणात बोलावलं आणि कोंबड्यांसमोर उभं करून सांगितलं की ह्यांच्याकडं बघून तरी शीक. एवढ्यात तांबडी आली आणि माझ्या पँटच्या खिशावर चोच मारू लागली.

"बघ," आई म्हणाली, "तिला पन संशय हाय."

मी दोघींसमोर खिसा उलटा करून दाखवला. खिसा खरंच रिकामा होता. दोघींनाही ते पटलं नाही.