शोभेचे मास्तर

शिंप्याला सगळेच मास्तर म्हणतात, तसं यांनाही म्हणत. उपनगरातल्या एका कोपऱ्यावर, दोन पायऱ्या चढून गेलं की त्यांचं दुकान. एकतीस वर्षं त्यांनी तिथे बसून गल्लीची मापं घेतली. त्यामुळे कोण आलं, कोण गेलं, कुणाचं पोट सुटलं, हे कळायला त्यांना कुठलं सर्वेक्षण लागत नसे.

आधी कारखान्यातले लोक होते. एकच पँट तीनदा उसवून पुन्हा शिवून घेणारे. कारखाना बंद पडला, ते पांगले. त्यांच्या खोल्यांत दूरदूरचे भाडेकरू आले. चार खोल्या आणि पाच भाषा. त्यात एक नर्सबाई, एक स्वयंपाकी, दोन रंगारी. मग उंच इमारत आली आणि तिच्यात बटण तुटलं की शर्टच टाकून देणारी माणसं राहायला आली. कोपऱ्याची जागाही इमारतीनेच विकत घेतली.

"गल्ली श्रीमंत झाली म्हणतात," मास्तरांची बायको म्हणाली, "मग आपलंच गिऱ्हाईक का आटलं?"

"श्रीमंतीला शिलाई लागत नाही गं," मास्तर म्हणाले.

एके सकाळी इमारतीच्या समितीचे अध्यक्ष ट्रॅकसूट घालून, हातात निमंत्रणाचं पत्र घेऊन आले. "मास्तर, आपण 'आपली वस्ती, आपली विविधता' असा मेळावा घेतोय. तुम्ही म्हणजे वस्तीची शान! तुमचा सत्कार करायचाय. मशीन घेऊनच या. आणि हो, स्टेजचा पडदा तेवढा शिवून द्या."

बायको हरखली. तिने मास्तरांचा ठेवणीतला शर्ट दोनदा इस्त्री केला. तिसऱ्या दिवशी त्याच समितीचं दुसरं पत्र आलं. कोपऱ्यावरचं जुनं दुकान इमारतीच्या दर्शनी भागाला शोभत नाही, सबब महिनाअखेर रिकामं करावं. मास्तरांनी ते उभ्याउभ्याच वाचलं, मग खाली बसून पुन्हा वाचलं. पडदा मात्र वेळेवर दिला. शिवायला घेतलेलं काम अर्धवट टाकणं त्यांच्या रक्तातच नव्हतं.

मेळाव्यात लोकांनी मशीनसोबत हौसेने फोटो काढले. मशीनमागे बसलेले मास्तर काही फोटोंत आले, काहींत नाही. गुच्छ देऊन झाल्यावर कुणीतरी त्यांच्या हातात माइक दिला.

"मला दोन पत्रं आली," मास्तर म्हणाले. "एकात मी वस्तीची शान आहे, दुसऱ्यात मी शोभत नाही. सही एकच आहे. तर साहेब, मी बसू की उठू?"

अध्यक्ष गोड हसले. "मास्तर, तो विषय सौंदर्यीकरण उपसमितीचा."

"त्या समितीत कोण आहे?"

"मीच आहे. पण तिथे माझी भूमिका वेगळी असते."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कशासाठी, ते त्यांनाही ठाऊक नसावं.

महिना संपला. मास्तरांनी पाटी उतरवली आणि कापडाच्या तुकड्याने पुसून घेतली. दारात नर्सबाई उभी होती. तिने तोडक्यामोडक्या भाषेत सांगितलं, "मास्तर, माझी पुढची खोली दिवसभर रिकामी. मी ड्यूटीवर. तुम्ही बसा. मला ड्रेस शिवून द्या, झालं."

"भाडं?"

"ड्रेस बोलले ना मी!" ती चिडलीच.

रंगाऱ्यांनी मशीन उचललं, स्वयंपाक्याने कापडाचे गठ्ठे. आता त्या खोलीत नर्सबाईच्या हॉस्पिटलातल्या अकरा जणींचे गणवेश शिवले जातात. बायको काज-बटणं करते, आणि नर्सबाई तिला मावशी म्हणते. कोपऱ्यावर समितीने फुलझाडं लावली, एक बाक टाकला. त्यावर कुणी बसत नाही. ऊन फार येतं.

मास्तर अजूनही घरी जाताना तो कोपरा टाळून मागच्या गल्लीने वळसा घालतात.

"उगाच चपला झिजतात," बायको म्हणते.

"झिजू देत," मास्तर म्हणतात.