कमी धुराचं ऑइल

इंदिरानगरात आमच्या खालच्या मजल्यावर राहणारे काका आपल्या जुन्या टू-स्ट्रोक मोटारसायकलसाठी ऑइल घ्यायला आले, की दुकानदार कपाळाला हात लावतो. डबा उघडायला लावायचा, थेंबभर ऑइल चिमटीत चोळायचं, अत्तरासारखं हुंगायचं आणि तोंड वाकडं करून म्हणायचं, "हे नको. इंजिन म्हणजे पोर असतं हो, त्याच्या पोटात काहीही घालून कसं चालेल?" शेवटी सगळ्यात महागडं, कमी धुराचं ऑइल घ्यायचं आणि पोर उपाशी राहू नये म्हणून पेट्रोलमध्ये सांगितल्याच्या दुप्पट ओतायचं. अक्कल मात्र तिथे विकत मिळत नाही.

रोज सकाळी ते लाडकं पोर फटफटतं आणि निळा धूर थेट आमच्या खोलीत शिरतो. माझ्या आईला दमा आहे. परवा ती खोकून खोकून अर्धमेली झाली, तेव्हा मी खाली गेले.

"काका, गाडी जरा गेटबाहेर नेऊन चालू करा ना."

"ताई, या ऑइलचा धूर होतच नाही," ते शांतपणे म्हणाले. "आईंना थंडी बाधली असेल."

मग त्यांनी रोजच्यासारख्या आपल्या घराच्या सगळ्या खिडक्या घट्ट लावून घेतल्या आणि किक मारली.