ईशाचा बँड आणि माझं बटण

आमच्या घरात रिकाम्या खोलीतला पंखा मी कधी फिरू दिला नाही. त्यामुळेच माझ्या नातीचा बँड बडोद्यात गाजला.

ईशा कॉलेजच्या बँडमध्ये गिटार वाजवते. यंदा कॉलेजच्या स्नेहसंमेलनासाठी त्यांनी एक इंग्रजी निषेधाचं गाणं बसवलं होतं.

"कशाचा निषेध गं?"

"सगळ्याचाच, आजी."

(सकाळचा चहा हातात मिळतो, तरीही.)

प्राचार्यबाईंनी पोरांना बजावलं होतं, मागच्या वर्षीसारखे लोक गाणं अर्धवट सोडून जेवायला गेले, तर बँड कायमचा बंद.

मला पहिल्या रांगेत, भिंतीकडेच्या खुर्चीत बसवलं. शेजारी ड्रमवाल्या पोराची आई, तरसालीच्या जागृतीबेन. गाणं सुरू झालं. कवळी हलेल असा आवाज. बघते तर माझ्या कोपराशी एक बटण चालू, लाल दिवा पेटलेला, आणि वर ना पंखा ना बल्ब. हात आपसूक गेला. टक्.

गिटार मुकी झाली. ईशा तारा ओरबाडतेय, आवाज नाही. गाणारा पोरगा आ वासून उभा. ड्रमवाला तेवढा बडवत राहिला. (त्याला थांबवणं आईलाही जमलेलं नाही.)

"बा, आ शुं कर्युं?" जागृतीबेन कुजबुजल्या.

"वीज वाचवली."

मागे खुर्च्या सरकल्या. लोक उठायला लागले. ईशाने माझ्याकडे असं पाहिलं की मी घाईघाईने बटण चाचपायला गेले, तर चष्माच खाली पडला.

पण बडोद्यात नुसता ताल वाजत राहिला की हात गप्प बसत नाहीत. जागृतीबेननी टाळी दिली. मग दुसरी. मग मलाच नाचायला ओढलं. "चालो बा, हवे रमो!"

उठलेले लोक दाराकडे गेलेच नाहीत. स्टेजसमोर गरब्याचा फेर धरला. गाणाऱ्याला कंठ फुटला. तो मूठ वर करून "नो" ओरडला की अख्खा गरबा टाळी देऊन "नो" म्हणायचा. दुसऱ्या फेरीला प्राचार्यबाई पदर खोचून माझ्या पुढे. मी उलट्या बाजूने फिरत होते, पण चष्म्याशिवाय एवढं चालायचंच. जेवण गार झालं, कुणी हललं नाही.

"बँड चालू ठेवा," प्राचार्यबाई धापा टाकत म्हणाल्या.

आता त्या गाण्यात गिटार ठरलेल्या जागी मुकी होते. त्यासाठी पोरं मला गाडीने नेतात. चौथी शिकलेली बाई कॉलेजच्या बँडमध्ये आहे. वाद्य, बटण.

ते परत चालू करायचं काम मात्र अजून माझ्यावर सोपवलेलं नाही.